घोडी लंगडते, असं मी म्हणालो

दोन हजार तेवीस साल. मी तेव्हा चौसष्ट वर्षांचा होतो. पासपोर्टात बासष्टचा आहे, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी माझ्या बापाला विचारलं, "जन्म कधीचा?" आणि बाप म्हणाला, "तांबड्या घोडीला शिंगरू झालं त्या साली." मास्तरांनी एक जून लिहिलं आणि साल अंदाजाने टाकलं. शाळा चौथीत सुटली, तारीख मात्र चिकटली ती चिकटलीच. इकामा म्हणजे इथला राहण्याचा परवाना, विमा, इस्पितळ, सगळीकडे मी दोन वर्षांनी तरुण आहे. फक्त गुडघ्यांना ते कोणी सांगितलेलं नाही.

आपल्या जेद्द्याच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात दर वर्षी बँकेतले, दवाखान्यातले, कॉम्प्युटरवाले लिहितात. या वर्षी अल अझीझियातल्या कुलकर्णीबाई मला म्हणाल्या, "बाळूकाका, तुम्ही तुमच्या कामावर लिहा." मी म्हटलं, "बाई, माझं काम म्हणजे लीद काढणं." त्या म्हणाल्या, "मग त्यावर लिहा." तर लिहितो. ऱ्हस्व-दीर्घ बाईंनी बघितलंय. बाकी एक शब्द बदलू दिलेला नाही, आणि त्यावरून आमचं थोडं वाजलंही.

मी मोतद्दार. घोड्याचं खाणंपिणं, खरारा, खोगीर, आजारपण बघणारा माणूस. मूळचा माथेरानचा, धनगर. ज्या गावात मोटारगाडीला बंदी, तिथून निघून ज्या देशात लोक समोरच्या दुकानात पाव आणायला गाडी काढतात तिथे, सौदीत, आलो. कसा आलो, कोणी आणलं, ते सांगत बसत नाही. सगळ्यांच्या गोष्टी त्या बाबतीत सारख्याच असतात. आमचा तबेला राबिघच्या अलीकडे, जेद्द्याहून येताना उजव्या हाताला, डोंगराच्या बाजूला आत. डावीकडे लांबवर रिफायनरीची ज्वाळा दिसते. वारा पलटला की घोड्यांना वास येतो आणि ती फुरफुरतात.

लोकांना वाटतं घोडं राखणं म्हणजे घोड्यावर बसणं. मी आयुष्यात फार थोडा बसलोय. मोतद्दार घोड्याच्या बाजूने चालतो. खोगीर चढवून पोटाखालचा पट्टा आवळतात, त्याला तंग म्हणतात. तंग आवळताना घोडं छाती फुगवून धरतं. लबाड असतं. म्हणून एकदा आवळायचा, चार पावलं फिरवायचं, त्याने श्वास सोडला की परत आवळायचा. मग स्वार बसतो. बसला की मी माझा हात घोड्याच्या मानेवर ठेवतो आणि स्वाराकडे वरपासून खालपर्यंत एकदा बघतो. सगळं नीट असेल तर हात उचलतो. हात उठल्याशिवाय माझं घोडं हलत नाही, मग वर शेख बसो की शेखाचा जावई. ही माझ्या बापाची पद्धत, आणि मी ती इथे सगळ्यांच्या गळी उतरवली. त्यासाठी भांडणं केली. एकदा एका बँकवाल्या साहेबांच्या मुलीने, आपल्याच मंडळातल्या, वर बसल्याबसल्या मला विचारलं, "अंकल, इसका ब्रेक किधर है?" मी म्हटलं, "मेरे हाथ में." तिचे वडील हसले. मी मात्र गंमत केली नव्हती.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका सौदी पोराने फोनवर फोटो बघून घोडा घेतला आणि आठवड्यात परत आणला. का, तर हा कॅमेऱ्याकडे बघतच नाही. मी त्याला म्हटलं, "तो तुझ्याकडे बघतो की नाही ते बघ." त्याने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, "नाही, तेही नाही." मग मी काय करणार?

या तबेल्यात माझे दोन दोस्त. एक इद्रीस, सुदानी, आमचा नालबंद. उंच, काळा, ऐरणीवर ठोकून ठोकून डाव्या कानाने बहिरा. दुसरा अबू तुर्की, इथलाच बदू, म्हणजे वाळवंटातल्या टोळीतला, घोडी शिकवणारा आणि फिरवणारा. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा असेल, त्याच्या जन्माची तर कोणी अंदाजानेसुद्धा नोंद केली नव्हती. सुरुवातीला माझं आणि त्याचं मुळीच पटत नव्हतं. मग एका उन्हाळ्यात एका घोडीच्या पोटात कळ उठली. असं झालं की घोडीला लोळू द्यायचं नाही, चालवत ठेवायचं, नाहीतर आतडी पिळवटतात. भर दुपारी आम्ही दोघे भिंतीच्या सावलीतून तिला फिरवत होतो आणि औषधावरून एकमेकांना शिव्या देत होतो. तो म्हणे मेथीचं पाणी, मी म्हणे गोडं तेल. घोडीने शेवटी दोन्हीशिवाय लीद टाकली. आम्ही दोघांनी त्या लिदीकडे असं बघितलं, जसं काही घरात नातू झालाय. तिथून दोस्ती. आमचं बोलणं मोडक्या अरबीत चालतं, मी इथे मराठीत लिहितोय इतकंच.

बडे कफील, म्हणजे मला कामावर ठेवणारे मालक, वारल्यावर तबेला त्यांच्या मुलाकडे आला. मुलगा शिकलेला, वागायला वाईट नाही, पण त्याला सगळं नवीन हवं. फिलिपिनो प्रशिक्षक, घोडी फिरवणारं यंत्र, भिंतीवर आरसे. आम्हा तिघांना तो "शेबान" म्हणायचा, म्हणजे म्हातारे. प्रेमानेच म्हणायचा. पण रोज म्हणायचा.

थंडीच्या सुरुवातीला तो आला आणि म्हणाला, "बालू, परदेशी पिक्चरवाले येतायत. आपली घोडी हवीत. विनोदी पिक्चर आहे, तीन म्हाताऱ्या काउबॉयचा."

मी विचारलं, "काउबॉय म्हणजे कोण?"

"गुरं राखणारा. घोड्यावरून."

"म्हणजे गुराखी."

"हो, पण पिस्तूल असतं."

गुराख्यावर पिक्चर निघतो हे मला तेव्हा कळलं. आमच्या जातीत पिढ्यान्‌पिढ्या तेच काम, आमच्याकडे कोणी कॅमेरा घेऊन आलं नाही. मोठी टोपी घातली नाही, तेच चुकलं बहुतेक.

गोष्ट अशी होती. तिघे जुने मित्र. एकाला ऐकू येत नाही, एकाला लांबचं दिसत नाही, एक कुठे चाललोय ते विसरतो. मालकाने तिघांना काढून टाकलेलं. ते शेवटचा एक कळप लांबच्या बाजाराला पोचवायची पैज घेतात, आणि वाट चुकतात ते पोचेपर्यंत चुकतच राहतात. गुरंच त्यांना बाजारात नेतात. मला गोष्ट पटली. गुरांना वाट माहीत असतेच.

मालकाच्या मुलाने ही गोष्ट आम्हा तिघांना समोर बसवून सांगितली. मग इद्रीस म्हणाला, "यात हसण्यासारखं काय आहे?"

पिक्चरवाल्यांनी डोंगराच्या पायथ्याला लाकडाचं खोटं गाव उभं केलं. प्लॅस्टिकचे निवडुंग रोवले. शेजारच्या कळपातला एक उंट येऊन त्यातला एक चावून गेला, तोंड वाकडं करून. रिफायनरीची ज्वाळा दिसू नये म्हणून कॅमेरा नेहमी डोंगराकडे. घोड्यांवर देखरेखीला एक गोरी बाई होती, एमा म्हणून. कामाला चोख. पहिल्याच दिवशी तिने घोडीचे दात बघितले, माझे हात बघितले, आणि मान हलवली. आमची भाषा एक नव्हती, पण मालकाचा मुलगा इंग्रजी जाणणारा, तो मधे उभा राहायचा.

आमचं काम म्हणजे घोड्यांना आवाजाची सवय लावणं. पंधरवडाभर मी आणि इद्रीस तबेल्यात पातेली बडवत होतो. शेजारचा उंटवाला विचारायला आला, की कोणाचं लग्न आहे. घोड्यांना सवय झाली. पण दुसरीच एक गोष्ट झाली. घोडं हुशार जनावर. डायरेक्टर "ॲक्शन" म्हणाला की पळायचं, हे घोडी दोन दिवसांत शिकली. मग तो शब्द कोणीही उच्चारला की निघालीच. नट अजून एक पाय रिकिबीत, म्हणजे खोगिराला लोंबणाऱ्या पाय ठेवायच्या कडीत, घालून लोंबकळतोय आणि घोडी गावाबाहेर. एकदा तर चहा पिताना कोणी तरी तो शब्द बोलला आणि चार घोडी खोगिरासकट पाण्याच्या टँकरपर्यंत जाऊन आली.

तेव्हा एमाबाईने माझा हात बघितला. मानेवरचा. तिने डायरेक्टरला काहीतरी सांगितलं, आणि ठरलं की शब्द बंद. घोड्यांच्या प्रत्येक दृश्याला मी हात मानेवर ठेवून उभा राहणार. सगळे तयार झाले की डायरेक्टर मला बोट दाखवणार, मी हात उचलून दगडामागे बसणार, घोडी निघणार. एवढी मोठी यंत्रं, एवढे दिवे, एवढी माणसं, आणि सगळं माझा हात उठायची वाट बघणार. माझी छाती फुगली, नाही कशाला म्हणू? इद्रीसला ते बघवेना. म्हणाला, "हात नीट धुऊन येत जा, आता तो पिक्चरचा हात आहे."

विसरणाऱ्या काउबॉयचं काम करणारा नट मोठा होता म्हणे, पण घोड्यावर बसला की पोत्यासारखा. लांबून दिसेल अशा धावण्याच्या दृश्यांना त्याच्या जागी अबू तुर्कीला घ्यायचं ठरलं. शरीरयष्टी तीच, पांढरी दाढी तीच. कपडेवाल्यांनी त्याला टोपी दिली. अबू तुर्की म्हणाला, "डोक्यावरचा गुत्रा मी काढणार नाही." लाल चौकड्यांचा रुमाल, इकडचे बाप्ये डोक्यावर घेतात तो. तिढा पडला. अर्धा दिवस मालकाचा मुलगा समजावत होता. शेवटी कपडेवाल्या बाईने तोच रुमाल हळूच त्याच्या गळ्यात बांधला आणि वर टोपी ठेवली. काउबॉय गळ्यात असलाच रुमाल बांधतात. अबू तुर्कीने आरशात बघितलं, टोपी जरा तिरकी केली आणि मला म्हणाला, "हे लोक आमच्याकडून शिकलेले दिसतात."

त्याच्या घरी मात्र वेगळं चाललं होतं. मोठा मुलगा तुर्की जेद्द्यात असतो; अबू तुर्की म्हणजेच तुर्कीचा बाप. त्याचं म्हणणं, बाबांनी आता घोड्यावर बसू नये, मजलिसीत, म्हणजे घरच्या बैठकीत बसावं, कॉफी प्यावी. अबू तुर्कीला साखरेचा आजार होता. तो कोणाला सांगत नसे, पण त्याच्या चहात साखर नसायची आणि ते आम्हाला दिसायचं. पिक्चरचं शेवटचं मोठं दृश्य होतं: तिघे म्हातारे ओढ्याच्या कोरड्या पात्रातून चौखूर उधळत उतारावर येतात. अबू तुर्कीने मुद्दाम निरोप पाठवून तुर्कीला ते बघायला बोलावलं. मला म्हणाला, "त्याने एकदा बघितलं की परत बोलणार नाही."

त्याच आठवड्यातली एक गोष्ट. अबू तुर्की फाटकातून तबेल्यात आला, मला सलाम केला, बसला, आणि मी बघितलं तर डाव्या पायात चप्पल नाही. मागे वाळूत पडली होती, वीसेक पावलांवर. मी हसलो, "तरुण झालास, बायको बघायला निघाल्यासारखा चप्पल विसरतोस." तोही हसला. मी चप्पल आणून दिली. वाळू चांगली तापलेली होती. हे तेव्हा माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

दृश्याचा दिवस आला. उन्हं कलायला लागली की प्रकाश सोन्यासारखा होतो, त्यांना तोच हवा होता, आणि तो फार थोडा वेळ टिकतो. वर उतारावर दोन घोड्यांवर दुसरे दोन स्वार, मधे अबू तुर्कीसाठी सबा. सबा म्हणजे आमची उत्तम घोडी, भुरी, पाय तारेसारखे. तिच्या अंगावर मी कधी माशी बसू दिली नाही. खाली सावलीत खुर्च्या मांडलेल्या, त्यात पांढऱ्या कपड्यात तुर्की बसलेला.

तंग मी दोनदा आवळला. अबू तुर्की चढला. चढताना जरा जास्त जोर लावला, पण म्हटलं, वय आहे. हात मानेवर ठेवला आणि वरपासून खालपर्यंत बघायला लागलो. तर तो खाली वाकून बघत होता. आपल्या डाव्या पायाकडे.

आता हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. घोडेस्वार रिकिबीकडे बघत नाही. कधीच नाही. पाय आपला आपण रिकीब शोधतो, जसा आपला हात अंधारात तोंड शोधतो. लहानपणापासून घोड्यावर असलेला माणूस रिकिबीकडे बघतोय म्हणजे काहीतरी बिघडलंय.

मी हळूच म्हटलं, "अबू तुर्की, समोर बघ."

"बघतोय."

"पाय रिकिबीत आहे का?"

तो परत खाली वाकायला लागला. मी म्हटलं, "नाही. खाली न बघता सांग."

त्याने समोर उताराकडे बघितलं. म्हणाला, "आहे."

"रिकीब माझ्या हातात आहे," मी म्हटलं.

मी दुसऱ्या हाताने रिकीब बाजूला धरली होती आणि त्याचा पाय हवेत लोंबत होता. त्याला ते कळलं नव्हतं.

रिकिबीत पाय किती आत गेलाय हे ज्याला कळत नाही, त्याचा पाय आरपार जातो. मग माणूस पडला तर सुटत नाही. घोडी पळतच राहते आणि माणूस तिच्या बाजूने दगडांवरून फरफटत जातो. माथेरानला मी ते एकदा बघितलंय. त्यावर जास्त लिहीत नाही.

अबू तुर्की हलक्या आवाजात म्हणाला, "हात उचल, बालू."

"नाही."

"तुर्की बसलाय खाली."

"दिसतोय मला."

"आज मला उतरवलंस तर परत मला कोणी वर चढू देणार नाही. तुला माहिती आहे."

"माहिती आहे."

"मग तू माझा दोस्त कसला? गाढवं राखायची तुझी लायकी."

"राखतोच आहे," मी म्हटलं. "एक वर बसलंय."

खालून डायरेक्टरने बोट दाखवलं. मी हात उचलला नाही. त्याने परत दाखवलं. दोन्ही हात हलवले. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. सूर्य रिफायनरीच्या बाजूला टेकायला आला होता. अबू तुर्की मला जे जे म्हणाला ते सगळं इथे छापता येणार नाही. कुलकर्णीबाईंनी विचारलं, मी त्यांनाही सांगितलं नाही. पण ते सगळं तो ओठ न हलवता म्हणत होता, म्हणजे खालून बघणाऱ्याला वाटावं दोन मित्र हवापाण्याचं बोलतायत. मी त्याचा चेहरा बघितला. डोळे भरलेले होते. त्याच्या डोळ्यांत पाणी मी त्याची बायको गेली तेव्हाही बघितलं नव्हतं.

मालकाचा मुलगा धावत वर आला, मागून एमाबाई. "बालू! काय झालं? प्रकाश चाललाय!"

खरं सांगायचं तर एक वाक्य पुरे होतं. याच्या पायाला काही कळत नाही. एमाबाईला ते लगेच समजलं असतं, तिने त्याला हाताला धरून उतरवलं असतं, पाणी दिलं असतं, खुर्ची दिली असती. तुर्कीने गाडी आणली असती. सगळे फार चांगले वागले असते.

मी म्हटलं, "घोडी लंगडते."

"काय?"

"सबा लंगडते. पुढचा डावा पाय. सकाळीच बघायला हवं होतं, मी बघितलं नाही. चूक माझी."

इतकी वर्षं घोडी राखतोय. माझ्या हाताखालची घोडी कामाच्या वेळेला लंगडी निघाली, असं कधी कोणाला म्हणता आलेलं नाही. माथेरानला नाही, इथेही नाही. त्याच एका गोष्टीवर मी मान ताठ ठेवून फिरलो. ते वाक्य बोलताना माझीच जीभ मला परकी वाटली.

मालकाच्या मुलाने इंग्रजीत सांगितलं. एमाबाईने सबाच्या पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग तिने स्वाराला विचारायला सांगितलं, कारण घोडी लंगडते की नाही हे वर बसलेल्याला सगळ्यात आधी कळतं.

मुलाने विचारलं, "अबू तुर्की काका, तुम्हाला जाणवलं का?"

अबू तुर्की सबाच्या कानांकडे बघत राहिला. या माणसाने घोड्याबद्दल कधी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. बायकोशी बोलला असेल, सरकारशी बोलला असेल, घोड्याबद्दल नाही.

"हो," तो म्हणाला. "लंगडते."

आणि उतरला. उतरताना मी खांदा पुढे केला. एरवी त्याने तो ढकलून दिला असता. त्या दिवशी त्याने सगळा भार माझ्या खांद्यावर टाकला. खालून बघणाऱ्याला वाटलं असेल, मी घोडीकडे वाकतोय.

तेवढ्यात इद्रीस आला. त्याला अर्धवट ऐकू येतं, आणि नेमकं नको तेच ऐकू येतं. "कोण म्हणतं लंगडते? कालच नाल ठोकलाय मी! माझ्या नालाने लंगडते? पाय उचला, दाखवा मला!" घोडी लंगडली की पहिला संशय नालबंदावर, त्यामुळे त्याचा पारा चढणं बरोबरच होतं. मी म्हटलं, "नाल चांगला आहे, चूक माझी आहे." तो म्हणे, "तुझी चूक मला दाखव!" आणि सबाचा पाय धरायला वाकला. सबा मजेत उभी, चारी पायांवर सारखा भार टाकून.

अबू तुर्की म्हणाला, "इद्रीस. खलास."

इद्रीसने त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. सरळ झाला. पण जाताना मला कोपर मारून गेला.

सबाला मी तिथून हळूहळू नेली, मऊ वाळूतून, म्हणजे कोणाला तिची चाल नीट दिसू नये. ती काही लंगडत नव्हती. ऐटीत चालली होती, मूर्ख. मागून प्रकाश गेला. सगळी यंत्रं बंद झाली. ते दृश्य त्यांनी पुढे दुसऱ्या माणसाला घेऊन केलं. तो चांगला बसतो, असं ऐकलं. मी बघायला गेलो नाही, आणि पिक्चरही बघितलेला नाही.

संध्याकाळी मालकाच्या मुलाने मला सगळ्यांसमोर बोलावलं. फिलिपिनो पोरं होती, ड्रायव्हर होते, इद्रीस होता. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "बालू, परक्या लोकांसमोर माझी मान खाली गेली. तू खूप काम केलंस. आता तू म्हातारा झालास. उद्यापासून घोड्यांना हात लावू नकोस. खोलीत राहा, जेव, आराम कर. घरी जायचं तेव्हा सांग."

मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? खरं सांगितलं असतं तर माझी मान वर आली असती आणि दुसऱ्याची गेली असती. अबू तुर्की तिथे नव्हता. त्याला तुर्की गाडीत घालून इथल्याच त्याच्या घरी घेऊन गेला होता. जाताना तुर्कीने माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाला, "घोडीला लवकर आराम पडो." बाबांना आराम पडो, असं म्हणाला नाही. म्हणजे त्याला काही कळलं नव्हतं. त्या एका वाक्यावर मी जेवलो.

हे सगळं लिहू का म्हणून मी अबू तुर्कीला मागच्या महिन्यात विचारलं. म्हणाला, "मराठीत लिही. अरबीत लिहिलंस तर तुला जिवंत ठेवणार नाही."

इद्रीस मला म्हणतो, तू चूक केलीस, मालकाच्या मुलाने पुढे परत कामावर घेतलं नसतं तर नोकरी घालवून बसला असतास. कधी कधी मलाही वाटतं, पाय सुन्न आहे हे तुर्कीला त्याच दिवशी कळायला हवं होतं. माणसाची अब्रू राखता राखता त्याचा पाय गेला असता तर? यावर मी पुष्कळ विचार केलाय. त्या क्षणी डोंगराच्या उतारावर उभं राहून मला एकच सुचलं, आणि मी ते केलं.

त्या दृश्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी नेहमीच्या वेळेला उठलो. खोलीत बसलो नाही. बादलीत गार पाणी घेतलं, कापडाच्या पट्ट्या घेतल्या आणि सबाच्या ठाणात गेलो. लंगडी म्हटलंय तर औषधपाणी दिसायला हवं. गुडघे टेकून तिच्या धडधाकट पायाला मी पट्टी गुंडाळायला लागलो. सबा माझी टोपी चावत होती.

मागून आवाज आला, "ढिली बांधतोयस."

अबू तुर्की होता. तुर्कीला झोपलेला सोडून आला होता. मी मागे न बघता म्हटलं, "मग तू बांध."

तो माझ्या शेजारी गवताच्या गठ्ठ्यावर बसला. पट्टीचं दुसरं टोक त्याने धरलं, मी गुंडाळली, त्याने गाठ मारली. अख्ख्या राबिघमध्ये त्या सकाळी चांगल्या पायाला इतकी सुरेख पट्टी कोणी बांधली नसेल. मग त्याने डाव्या पायातली चप्पल काढली आणि पाय माझ्यासमोर धरला. तळव्याला फोड आला होता, फुटून काळा पडलेला.

मी अंगठ्याने दाबून बघायला लागलो. बोटांपासून. "इथे कळतं?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

टाच झाली, घोटा झाला. तो समोर बघत होता. घोट्याच्या वर चार बोटं दाबलं तेव्हा म्हणाला, "इथे."

मी उरलेली पट्टी त्याच्या पायाला गुंडाळली. पिकअपची किल्ली नेहमीप्रमाणे मालकाच्या मुलाच्या खुंटीवर होती. विचारायला गेलो नाही. काढून घेतली, त्याला पुढच्या सीटवर बसवला आणि सूर्य वर यायच्या आत इस्पितळाच्या दारात गाडी उभी केली.